अक्का मुराळी झाली ती आखाजी

वैशाखातल्या दुपारी जळगावात बाहेर पडायचं धाडस दोनच प्रकारची माणसं करतात, लग्नपत्रिका वाटणारी आणि मतं मागणारी. बाकीचं शहर खिडक्यांना ओल्या चादरी लावून, कूलरमध्ये पाणी ओतून निपचित पडलेलं असतं. आम्हा बायकांचा दिवस त्याआधीच उरकलेला असतो, कारण हे ज्वारीच्या पापडांचे, बिबड्यांचे दिवस. यंदाही मी ज्वारी भिजत घातली, तिला तो आंबूस वास सुटला आणि घरातले लोक नाकाला हात लावून फिरायला लागले. मला पूर्वी त्या वासानं भूक लागायची. आता लागत नाही. वास आला की ती आखाजी आठवते आणि दिवसभर कशातच लक्ष लागत नाही.

बिबडे हे एकटीनं करायचं कामच नाही. तीळ, लसूण, मिरची घातलेला तो ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजत असतो, तो घोटायला एक दणकट बाई लागते, आणि गरम आहे तोवर ओल्या कापडावर थापायला चार-पाच जणी लागतात. म्हणून आमच्या कॉलनीत आज माझ्या गच्चीवर, उद्या मंगलाताईंच्या, परवा आणखी कुणाच्या, असं चालतं. हात घाट्यात अडकलेले असतात, तोंडं मोकळी असतात. वर्षभरात कुणाचं काय झालं, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळ्याचा निकाल त्या गच्च्यांवर लागतो. आमच्या कोर्टात तारीख पडत नाही.

त्या वर्षी निवडणूक होती. मंगलाताईंनी मोबाईल कठड्याला टेकवून ठेवला होता आणि त्यावर बातम्या चालू होत्या. धुळ्याच्या एका महिलेनं एका मोठ्या पुढाऱ्यावर आरोप केला होता, आणि त्यावर चार माणसं चार चौकटींत बसून एकमेकांवर ओरडत होती. पुढाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक पक्ष शोधतात, आणि पक्ष सापडला की त्यांना वाटतं आता सगळं समजलं. आपण त्यांना साहेब म्हणू. त्यांच्या भोवतीचे लोकही तेच म्हणतात. बाईचं नाव बातमीत नव्हतं, कायद्यानं ते देता येत नाही. तोंडही पुसट केलेलं होतं. साहेबांच्या बंगल्याच्या फाटकातून एक बाई आत जाते आणि थोड्या वेळानं मोठी चौकड्यांची पिशवी घेऊन बाहेर येते, एवढंच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते.

"बघा," मंगलाताई म्हणाल्या, "आदल्या दिवशी म्हणे असं झालं, आणि दुसऱ्या दिवशी ही बाई परत तिथंच. अशी जाईल का कुणी?"

"आणि इतके महिने काय केलं? निवडणूक आली की बरं आठवतं," दुसरी एक म्हणाली.

"आपण काही तिला खोटं म्हणत नाही, पण…"

त्या 'पण'नंतर सगळ्या जणी हसल्या. वाईट बायका नाहीत त्या. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा याच बायकांनी आठवडाभर आमच्या घरी डबा पोचवला होता. मी मात्र त्या फाटकातून बाहेर येणाऱ्या बाईकडे बघत होते. चालताना ती डावा पाय किंचित बाहेर टाकत होती. लहानपणी चिंचेवरून पडली तेव्हापासून तशीच चालते. तोंड पुसट करता येतं, चाल कशी करणार.

"ती माझी धाकटी बहीण आहे," मी म्हणाले. "वंदना."

मंगलाताईंनी ओल्या हातानंच मोबाईल उपडा घातला. घाटा पातेल्यात निवून घट्ट झाला, त्या दिवशीचे अर्धे बिबडे जाडजूड आणि वेडेवाकडे झाले, आणि आम्ही ते वर्षभर तसेच तळून खाल्ले.

वंदनाची गोष्ट मी अगदी थोडक्यात सांगते, कारण ती तिची आहे. धुळ्याला देवपुरात ती बचत गटाच्या बायकांना शिवण शिकवायची. तिला वर्गासाठी एक खोली हवी होती. समाजमंदिरातली खोली कुलूप लागून पडलेली होती, आणि किल्ली साहेबांच्या शब्दावर होती. दिवाळीनंतर ती बायकांनी शिवलेल्या पिशव्यांचे नमुने घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी इतर माणसांना बाहेर पाठवलं आणि दार लोटलं. पुढचं तिनं पोलिसांना सांगितलं आहे, कोर्टात सांगितलं आहे, मला फोनवर एकदाच सांगितलं. ती त्यांना ढकलून बाहेर आली आणि नमुन्यांची पिशवी आतच राहिली. दुसऱ्या दिवशी बायका विचारणार, आमचं काम कुठंय? म्हणून ती पुन्हा गेली, फाटकाच्या आत उभी राहून शिपायाकडून पिशवी मागून घेतली आणि निघून आली. बायकांचं काम बायकांना परत करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

आणि महिने का घालवले, तर लेकीची बारावी होती. पोरीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी वंदना पोलीस चौकीत गेली. बोर्डाच्या परीक्षा आणि निवडणुका आपल्याकडे पाठोपाठ येतात, त्याला ती काय करणार.

शाळामास्तरीण म्हणून माझा जन्म गेला. खोटी तक्रार करणारी पोरं मी पाहिलेली आहेत, खोटं कुणी बोलतच नाही असं मी मुळीच म्हणत नाही. पण माझा अनुभव असा की, खोटं बोलणाऱ्या पोराचं उत्तर तयार असतं. ज्याचं खरं असतं ते गोंधळतं, मधूनच सुरू करतं, नको ते आधी सांगतं आणि हवं ते विसरतं. वंदनाही तशीच विसरली. त्या दिवशी साडी कुठली होती यावर ती दोनदा दोन रंग बोलली, आणि टीव्हीवर त्या दोन रंगांची एक अख्खी संध्याकाळ झाली. आमचे हे खुर्चीत बसून ते बघत होते आणि म्हणत होते, "दोन्ही बाजू ऐकून घ्यायला हव्यात." मी म्हटलं, ऐका, आमच्या घरात बाजू फक्त टीव्हीच्याच ऐकल्या जातात. त्यांनी आवाज कमी केला, बंद मात्र केला नाही.

वंदनाला खरं तर या सगळ्यांशी देणंघेणं नव्हतं. टीव्ही, मंगलाताई, साहेबांचे लोक, ती सगळ्यांना पुरून उरली असती. नवरा तिच्या बाजूनं होता, न बोलता तिच्याबरोबर चौकीत बसायचा. मीही होते. तिला एका माणसाकडून एक शब्द हवा होता. एरंडोलला आमच्या आईनं, अक्कानं, म्हणायला हवं होतं की, पोरी, तुझं खरं आहे.

ती तक्रार देऊन दोन दिवसांनी एरंडोलला गेली होती. अक्का ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. वंदनानं सगळं सांगितलं. अक्कानं विळ्यावरचा हात थांबवला नाही. शेवटी म्हणाली, "जे झायं ते झायं वं माय. पन पोलिसमा कसाले गयी? झाकली मूठ ऱ्हावू देवानी व्हती." वंदना उठली आणि पाणीही न पिता परत गेली. रात्री मला फोनवर म्हणाली, "ताई, ती मला खोटं म्हणाली असती तर मी भांडले असते. तिनं मला विचारलंसुद्धा नाही."

अक्काची बाजू मला कळत नव्हती असं नाही. आमचे वडील गेल्यावर तिनं शेत आणि म्हशी सांभाळून आम्हा तिघांना वाढवलं, ते गावाच्या नजरेत राहून. बाईमाणसानं तोंड बंद ठेवून दिवस काढले तर ते निघतात, हा तिचा स्वतःचा अनुभव होता, आणि स्वतःच्या अनुभवासारखा आंधळा दुसरा काही नसतो. शिवाय ती आमच्या भावाजवळ, किशोरजवळ राहत होती, आणि किशोरचं बी-बियाण्यांचं दुकान साहेबांच्या लोकांच्या मर्जीवर चालायचं. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, असं तो म्हणायचा. मी त्याला म्हणायचे, मासा कोण आणि पाणी कोण ते एकदा नीट बघ. तो फोन ठेवून द्यायचा.

मग आखाजी आली. खान्देशाबाहेरच्या लोकांना अक्षय तृतीया म्हणजे सोन्याची दुकानं आणि आमरस. आमच्याकडे आखाजी हा लेकीचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालेल, आखाजीला सासुरवाशीण माहेरी आलीच पाहिजे. कडुनिंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात, पोक्त बायकाही लुगडं खोचून झोक्यावर उभ्या राहतात आणि सासरच्यांचा उद्धार करणारी गाणी म्हणतात. पुरुष झाडाखाली पत्ते कुटत बसतात, आणि त्या एका दिवशी त्यांना कुणी काही बोलत नाही. घरात पितरांची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, खाली पावसाच्या चार महिन्यांची मातीची चार ढेकळं मांडायची. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला. त्या वर्षी मी ती ढेकळं बघत बसले होते आणि मला संताप येत होता. ढेकळानं सांगितलेलं आम्ही डोळे मिटून मानतो, त्यावर पेरणी ठरवतो, आणि आपल्या पोटच्या पोरीला साडीचा रंग विचारतो.

आखाजीला लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरून माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. बहुधा भाऊ जातो. आता मोबाईल आहे, तासातासाला एसटी आहे, मुराळी नुसता नावाला उरलाय, पण त्या नावाला किंमत आहे. मुराळी आला म्हणजे माहेराला तू हवी आहेस. किशोर दर वर्षी आधी जळगावला मोटारसायकलवर येऊन माझ्याकडे चहा पिऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला. त्या वर्षी माझ्याकडे आला. वंदनाकडे कोण जाणार, हे मी विचारलं तेव्हा तो कपात बघत राहिला.

"यंदा राहू दे ना ताई. निवडणूक होऊ दे. लोक झोक्याशी पण तेच बोलतील, तिलाच त्रास."

"तिचा त्रास तू ठरवू नकोस," मी म्हटलं.

मी सणाच्या आदल्या दिवशी एरंडोलला पोचले. अक्कानं मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "वंदनाले लेवाले कोन जाई?" किशोर दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागला. अक्का म्हणाली, "कोनी नही गया तं मी जास."

आई मुराळी होऊन गेलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. अक्काचं तेव्हा वय झालेलं, गुडघे धरलेले, उन्हानं डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हटलं, मी येते बरोबर. तर नको म्हणाली, तू पुरण घाल, मी माझ्या लेकीला घेऊन येते. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या पाया पडले. ती बोलत नाही, पण जातेय, म्हणजे तेच झालं की, असं मला वाटलं. वंदनालाही तसंच वाटणार होतं. मी तिला फोन करून सांगितलं, अक्का स्वतः येतेय. तिनं विचारलं, "खरंच?" आणि रडायला लागली. त्या सबंध प्रकरणात मी तिला रडताना पहिल्यांदा ऐकलं.

आखाजीच्या सकाळी दारात पांढरी गाडी उभी होती. काचा वर, आत गार हवा. किशोर म्हणाला, मित्राची आहे, एवढ्या उन्हात अक्का एसटीनं कशी जाईल. पुढं चालकाशेजारी त्याचा तो मित्र बसला होता, पांढऱ्या कपड्यांतला, हसरा. अक्का पदर सावरून मागं बसली. तिनं डब्यात सांजोऱ्या घेतल्या होत्या, कारण मुराळी रिकाम्या हातानं जात नाही. मी दारातून हात हलवला. मला त्या गाडीत काहीच खटकलं नाही, उलट पारोळ्याच्या रस्त्याला तिला ऊन लागणार नाही याचंच समाधान वाटलं.

धुळ्यात काय झालं ते मला दोघींनी सांगितलं, वेगवेगळं. एक गोष्ट सोडली तर दोघींचं सांगणं अक्षर न अक्षर जुळतं.

वंदना पिशवी भरून, नवी साडी नेसून ओट्यावरच उभी होती. गाडी आली. तिनं ती गाडी ओळखली. साहेबांच्या बंगल्यासमोर ती गाडी कायम उभी असायची, चौकीत जायला निघाली की गल्लीच्या तोंडाशी तीच गाडी दिसायची. मागच्या दारातून अक्का उतरली आणि पुढच्या दारातून तो हसरा माणूस. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "चला ताई, सणाचा दिवस आहे. एरंडोलला निवांत बसू, घरच्या घरी बोलून मिटवून घेऊ. आईसाहेब पण तेच म्हणतात."

अक्का असं काही म्हणाली नव्हती. पण त्या क्षणी ती त्या माणसाच्या शेजारी उभी होती, त्याच गाडीतून उतरून, हातात सांजोऱ्यांचा डबा घेऊन.

"अक्का, गाडी कोनी शे?" वंदनानं विचारलं.

"किशोरना दोस्तनी शे."

"तुले बठ्ठं माहीत शे."

"माले काहीच माहीत नही वं माय. मन्ही शप्पथ."

"खोटं नको बोलू."

वंदनानं त्या माणसाला गाडी घेऊन जायला सांगितलं. अक्काला घरात नेलं, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, पानात आमरस वाढला. सगळं रीतीनं केलं. अक्का घास घेऊन परत परत तेच सांगत होती, मला माहीत नव्हतं, मी तुला न्यायलाच आले होते. वंदना ऐकत होती. मग ती अक्काला रिक्षातून एसटी स्टँडवर घेऊन गेली, खिडकीची जागा बघून बसवलं, वाहकाला एरंडोलला उतरवून द्यायला सांगितलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. पण बरोबर आली नाही.

इकडे एरंडोलला पुरणपोळ्या होऊन पडल्या होत्या. झोक्यावर गाणी चालू होती. आखाजीला दोन आळ्यांतल्या बायका एकमेकींना गाण्यांतून टोमणे मारतात, ती जुनी थट्टा आहे, कुणी मनावर घेत नाही. त्या दुपारी पलीकडच्या आळीनं धुळ्याच्या बंगल्यावरून एक नवं कडवं जोडलं. झोका चढत होता आणि सगळ्या हसत होत्या. आमच्या आळीच्या बायकांनी त्याला उत्तर दिलं नाही. झोका थांबवून त्या घरी गेल्या, आणि मला त्यांचं त्या वेळी फार बरं वाटलं. तेवढ्यात ती पांढरी गाडी परत आली. मागचं दार कुणी उघडलं नाही. काच खाली झाली आणि तो मित्र किशोरला म्हणाला, "तुमची आई पण बसली नाही परत."

किशोर खांबाला धरून उभा राहिला. मी त्याला विचारलं, गाडी कुणाची? त्यानं सांगितलं. साहेबांच्या माणसांनीच देऊ केली होती, म्हणे आईला त्रास नको, बोलणं झालं तर झालं, नाही तर नाही. "अक्काला माहीत होतं?" मी विचारलं. "नाही," तो म्हणाला. "तिला सांगितलं असतं तर बसली असती का?"

किशोर हे मला म्हणाला, आणि पुढं त्यानं वंदनालाही फोनवर सांगितलं, शपथ घेऊन. वंदना म्हणाली, तू तर तिलाच वाचवणार. मी सांगितलं, अक्काला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, ताई, तू तिथं होतीस का गाडी ठरली तेव्हा? मी नव्हते. साक्षीदार नव्हता, पुरावा नव्हता. आई म्हणत होती माहीत नव्हतं, आणि लेक म्हणत होती, मग बसलीस कशाला?

संध्याकाळी अक्का एसटीनं एकटी उतरली. मी स्टँडवर गेले होते. तिच्या हातातला डबा रिकामा होता, सांजोऱ्या वंदनानं काढून घेतल्या होत्या आणि डबा घासून दिला होता. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "धरू नको, चालता येस माले." घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या वर्षी आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही.

निवडणूक झाली, साहेब निवडून आले, टीव्हीवाल्यांना दुसरी बाई मिळाली. खटला चालू आहे. तारीख पडते, वकील आजारी असतो, पुन्हा तारीख पडते. वंदना प्रत्येक तारखेला जाते. शिवणवर्ग आता ती स्वतःच्या ओसरीवर घेते. आधीच्या बायकांपैकी थोड्याच येतात, ज्या येतात त्या त्या विषयावर बोलत नाहीत, आणि तिला ते चालतं. पुढच्या आखाजीला किशोर मोटारसायकलवर धुळ्याला गेला होता. तिनं त्याला चहा दिला, भाच्यासाठी शर्ट दिला आणि दारातून परत पाठवलं.

अक्का त्या दिवसानंतर म्हातारी झाली. तिचा एक नाद झाला होता. कुणीही आलं, अगदी दूध घालणारा आला तरी ती मधूनच सांगायला लागायची, गाडी कुणाची होती ते मला माहीत नव्हतं बरं का. तो बिचारा मान हलवायचा. लोक मान कशी हलवतात ते ती बघत असायची. कधी कधी सांगताना तिचा गोंधळ व्हायचा, गाडी पांढरीऐवजी काळी म्हणायची, किशोर घरी नव्हता म्हणायची. किशोरची बायको हळूच माझ्याकडे बघायची आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

मागच्या थंडीत मी तिच्या उशाशी बसले होते. तिला बोलायला त्रास होत होता. तरी माझं मनगट धरून म्हणाली, "वंदनाले सांग. खरं बोलो आनि कोनी मानं नही, तं जीव कसा व्हस, ते आते समजनं माले." मी म्हटलं, तूच सांग तिला, मी फोन लावते. तिनं डोळे मिटले आणि मान नाही म्हणून हलवली. चार-पाच दिवसांनी ती गेली. वंदना आली. मयताला मुराळी लागत नाही. ती अक्काच्या पायाशी बसून राहिली, पण घर माणसांनी भरलेलं होतं, आणि अक्काचा निरोप असा गर्दीत सांगण्यासारखा नव्हता.

परवा आखाजी झाली. अक्काच्या नावाची पहिली घागर होती, म्हणून वंदना कुणी न बोलावता, आपली आपण एसटीनं एरंडोलला आली. पाहुणे जेवून गेले. आम्ही दोघी उष्ट्या ताटांपाशी बसलो होतो. तिचे केस कानांजवळ पांढरे झालेत. तिनं न बघता विचारलं, "ताई, शेवटी अक्का काही बोलली का? माझ्याबद्दल?"

मी तिला ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, अक्काच्याच बोलीत. तिनं ते ऐकलं. तिचे ओठ हलले, ती ते मनात पुन्हा म्हणत असावी. मग तिनं माझ्याकडे तोंड वळवलं.

"म्हणजे तिला माझं खरं वाटलं?"

अक्का हे कधी म्हणाली नव्हती. जे म्हणाली त्यात ते होतं असं मला वाटतं, मी देवाशप्पथ तसंच मानते, पण म्हणाली नव्हती. समोर माझी बहीण बसली होती आणि इतक्या वर्षांत तिनं मागितलेली ती एकच गोष्ट होती.

"हो," मी म्हटलं. "तसं म्हणाली ती मला."

वंदना माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांत, मग हातांकडे, मग पुन्हा डोळ्यांत. फौजदार, वकील, शेजारीपाजारी, सगळे तिच्याकडे जसं बघत आले तसं, वजन करत. मी नजर हलू दिली नाही. मला वाटतं मी पापणीही लववली नाही.

"असेल," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला उठली.